साडेतीन शहाण्यांतला अर्धा

भीमाशंकरचे देऊळ डोंगराच्या खोलगटात आहे. पुष्कळ डोंगरी देवस्थानांना पायऱ्या चढून जावे लागते, इथे उतरून जावे लागते. त्यामुळे शिखर आधी डोळ्यांच्या पातळीला दिसते आणि आपण जसजसे खाली जातो तसतसे ते उंच होत जाते. गाभारा जुना, शिखर त्या मानाने अलीकडचे, पेशवाईच्या उत्तरार्धातले. ते नाना फडणवीसांनी बांधवले, ही माहिती या क्षेत्राच्या बहुतेक वर्णनांत येते आणि एका ओळीत संपते. समोर शनिमंदिरापाशी टांगलेल्या मोठ्या घंटेचे भाग्य त्याहून चांगले. वसईच्या १७३९च्या विजयानंतर चिमाजीअप्पांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ती एक, म्हणून यात्रेकरू तिच्याविषयी आवर्जून विचारतात. वसईची अशीच एक घंटा वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर आहे, आणि मेणवली हे नानांचे गाव.

मला या लेखात शिखर बांधवणाऱ्या माणसाविषयी लिहायचे आहे. त्यातही त्याच्या कारभाराविषयी कमी आणि स्वभावाविषयी जास्त. स्वभाव हा इतिहासाचा विषय आहे का, असा प्रश्न काही अभ्यासक विचारतील. एरवी मीही तो विचारला असता. पण नानांच्या बाबतीत स्वभावाचा पुरावा त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवला आहे, आणि त्या स्वभावाचे परिणाम पुण्याच्या गादीपर्यंत पोचले आहेत. त्यामुळे तो प्रश्न टाळता येत नाही.

नानांविषयी मराठी वाचकाला सामान्यतः तीन गोष्टी ठाऊक असतात. त्यांनी इंग्रजांना पंचवीस वर्षे रोखून धरले, ही पहिली. विजय तेंडुलकरांच्या १९७२च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये दिसतात ते नाना, ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांची ती जुनी मोजणी. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे, नाना अर्धे. कारण सांगतात ते असे, की पहिल्या तिघांना लेखणी आणि तलवार दोन्ही चालवता येत होत्या, नानांना फक्त लेखणी.

हा ‘अर्धा’ मला फार दिवस खटकत आला आहे. लोकांनी केलेले असे हिशेब सहसा उगाच नसतात. नानांच्या ठिकाणी काहीतरी कमी आहे, असे त्यांच्या काळच्या माणसांना वाटत होते, आणि त्याला त्यांनी तलवारीचे नाव दिले. माझे म्हणणे असे, की त्या अर्ध्याच्या मुळाशी असाधारण हळवेपण आहे. नानांचे मोठेपण त्याच हळवेपणातून आले. आणि दुसऱ्या एका माणसाचे तसलेच हळवेपण त्यांना हाताळता आले नाही, म्हणून त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी हानी झाली. त्या हानीची सुरुवात भीमाशंकरच्या याच मुलखात, जुन्नरच्या शिवनेरीवरून निघालेल्या काही पत्रांपासून होते.

स्वतःविषयी लिहिणारा फडणीस

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्याला झाला. भानू घराणे मूळ कोकणातले, वेळासचे. आजोबा बाळाजी महादेव हे बाळाजी विश्वनाथांबरोबर देशावर आले आणि १७१९ मध्ये दिल्लीच्या दंग्यात मारले गेले. फडणिशी घरात चालत आली. वडील जनार्दनपंत वारले तेव्हा नाना चौदा वर्षांचे होते. पेशव्यांच्या घरातल्या मुलांबरोबर वाढलेला, अंगाने किरकोळ, प्रकृतीने नाजूक असा हा मुलगा.

या मुलाने पुढे एक लहानसे आत्मचरित्र लिहिले. ते काही पानांचेच आहे. त्यात सालबाईचा तह नाही, बारभाई नाही, खर्डा नाही. ज्या गोष्टींमुळे नाना इतिहासात आहेत त्या गोष्टी सुरू होण्याआधीच, थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीच्या आरंभाशी, ते थांबते. जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे भाषांतर करून लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे ठेवले, तेव्हापासून अभ्यासक ते मुख्यतः पानिपतचे साधन म्हणून वाचत आले. लढाईच्या दिवशी कोण कुठे होते, भाऊसाहेब शेवटचे कधी दिसले, एवढे त्यातून काढून घ्यायचे आणि बाकीचे बाजूला ठेवायचे, अशी पद्धत पडली.

पण ते बाकीचेच मोलाचे आहे. आरंभी वेदान्ताचे विवेचन येते: आत्मा, देह, मायेचा पसारा. ते त्या काळच्या सुशिक्षित ब्राह्मणाला शोभेसे आणि बरेचसे ठरावीक आहे. मग बालपण येते, आणि त्या बालपणात लेखक स्वतःकडे पाहू लागतो. देवपूजेच्या खेळात रमणारे मूल तो आठवतो. तारुण्यात विषयवासनेने मनाला कसे घेरले, हे तो लपवत नाही. त्याचे समर्थन करत नाही आणि बढाईही मारत नाही. मन आपल्या हाती राहत नव्हते याची लाज त्याला आहे आणि ती तो लिहितो. झालेला मुलगा जगला नाही, हेही येते.

हे किती वेगळे आहे, हे कळायला शेजारी बखरी ठेवून पाहाव्यात. बखरकाराला ‘मी’ नसतो. तो सांगतो ते धन्याचे, दौलतीचे, रणाचे. माणसे रडतात तीही महाभारतातल्यासारखी. स्वतःच्या मनाची कबुली द्यायला मराठीत एकच वाट मोकळी होती, ती संतांची. सतराव्या शतकात बहिणाबाईंनी अभंगांतून आपले चरित्र सांगितले. देवापुढे स्वतःचे दोष मोजण्याची भाषा नामदेव-तुकारामांनी तयार करून ठेवली होती. नानांनी ती भाषा उचलली आणि फडणिशीच्या गद्यात आणली. युरोपात रूसोच्या आत्मकथनाचा पहिला भाग १७८२ मध्ये छापला गेला आणि माणसाने स्वतःविषयी इतके उघडे लिहावे का, यावर तिकडे मोठा गदारोळ झाला. नानांना त्याचा पत्ता असण्याचे कारण नव्हते. त्यांना रूसोची गरजही नव्हती. भक्तीची परंपरा घरात होती.

यावर एक रास्त आक्षेप निघू शकतो. पश्चात्तापाची भाषा हीच मुळी परंपरेची असेल, तर तिच्यावरून लिहिणाऱ्याचा स्वभाव कसा ठरवायचा? ‘मी पतित, मी पामर’ असे तर सगळेच म्हणत. आक्षेप खरा आहे, आणि म्हणून मी आत्मचरित्राच्या पहिल्या भागावर फार भार टाकत नाही. पुरावा आहे तो पुढच्या भागात, जिथे परंपरेची भाषा संपते आणि गवत, भूक, थंडी सुरू होते.

गवतातला माणूस

१७६० मध्ये भाऊसाहेबांची स्वारी उत्तरेला निघाली, तेव्हा नाना अठरा वर्षांचे होते. लढायला म्हणून ते निघालेले नव्हते. बरोबर आई होती, बायको होती. गंगास्नान घडावे, मथुरा-वृंदावन पाहावे ही इच्छा. त्या फौजेबरोबर अशी हजारो बिनलढाऊ माणसे होती. नानांचे मामा बळवंतराव मेहेंदळे भाऊसाहेबांच्या अगदी जवळचे; ते डिसेंबर १७६० मध्ये, मुख्य लढाईच्या महिनाभर आधी पडले.

१४ जानेवारी १७६१. नाना भाऊसाहेबांच्या जवळ होते. विश्वासराव पडले. सभोवतालची माणसे पातळ होत गेली आणि एका क्षणी भाऊसाहेब दिसेनासे झाले. तिथून पुढे नाना सांगतात ती एका जीव वाचवणाऱ्या मुलाची हकिगत. घोडा सोडणे, अंगावरचे कपडे टाकणे, सोबत्यांवर डोळ्यांदेखत वार होणे, उंच गवतात लपून राहणे, झाडाची पाने खाऊन दिवस काढणे, परक्या माणसाच्या दयेवर पोट भरणे. बायको जिवंत सापडली. आई सापडली नाही.

‘भाऊसाहेबांची बखर’ हीच लढाई सांगते तेव्हा तिच्यात कुरुक्षेत्र उभे राहते. नानांच्या पानांत कुरुक्षेत्र नाही. आपण कसे लढलो, असे ते एका शब्दानेही सुचवत नाहीत. एवढ्या मोठ्या कारभाऱ्याला पुढे आपले पानिपत थोडे सजवून सांगणे अवघड नव्हते. साक्षीदार फारसे उरलेच नव्हते. त्यांनी सजवले नाही. पळालो, लपलो, उपाशी राहिलो, आई गेली, असेच लिहिले. आणि त्या दुःखातून संसाराचा वीट कसा आला तेही लिहिले.

मी हे हळवेपण म्हणतो ते एवढ्यासाठी, की हजारो लोक त्या रणातून परत आले आणि त्यांपैकी कितीतरी जण लिहिणारे होते. पण अंगावर आलेली भूक आणि मनात राहिलेली आई यांना लिहून ठेवण्याजोगे मानणारे फार थोडे. ज्या मनाला ओरखडा खोल जातो, तेच मन त्याची नोंद ठेवते.

हळवे आणि गरवे

‘हळवा’ हा शब्द आपण हल्ली फक्त माणसांसाठी वापरतो, आणि जरा कमीपणा देऊन वापरतो. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिमेकडच्या गावांत तो अजून भाताचा शब्द आहे. भीमाशंकरच्या आसपास महादेव कोळी शेतकरी भाताच्या जाती सांगतात त्या हळवे, निमगरवे आणि गरवे अशा. हळवे लवकर पिकते. जिथे पाणी फार दिवस ठरत नाही अशा उथळ खाचरांत, उतारावर ते लावतात. पाऊस लवकर उघडला तरी ते हाती लागते. गरव्याला खोल खाचर हवे, दीर्घकाळ ओल हवी. ते दिवाळीच्या पुढेमागे निघते. हळवे म्हणजे वाईट भात, असे तिथे कोणी म्हणत नाही. कोणत्या खाचरात कोणते लावायचे, एवढाच प्रश्न असतो. गरवे वरच्या खाचरात लावले तर वाळते, आणि हळवे खोल पाण्यात लावले तर इतरांच्या आधी पिकून आडवे पडते.

मानसशास्त्राने या भेदाकडे शास्त्रीय नजरेने पाहायला बराच उशीर केला. इलेन एरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंचे अतिसंवेदनशील माणसांवरचे पुस्तक १९९६ मध्ये आले. त्यांच्या मते साधारण पाच-सहा माणसांमागे एक माणूस असा असतो, की त्याची मज्जासंस्था बारीकसारीक गोष्टी इतरांपेक्षा जास्त टिपते, त्यांवर जास्त वेळ विचार करते आणि म्हणून लवकर भरून जाते. आवाज, गर्दी, दुसऱ्याचा बदललेला चेहरा, धोक्याची चाहूल हे सगळे त्याच्यापर्यंत आधी पोचते. हा आजार नव्हे, ही ठेवण आहे, असे त्या आग्रहाने सांगतात. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला असले निदान चिकटवण्याचा मोह मी टाळतो. कागदावरून नाडी पाहता येत नाही. पण या मांडणीचा एक उपयोग आहे. हळवेपण आणि भित्रेपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ती स्पष्ट करते. नानांच्या बाबतीत नेमका हाच घोळ झाला.

धैर्याचा हिशेब

ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. नाना थोर मुत्सद्दी होते, असे तो मोकळेपणाने मान्य करतो. आणि त्यांच्या दोषांचे मूळ शारीरिक धैर्याच्या अभावात आहे, असेही सांगतो. इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढ्यांनी हा निकाल डोळे मिटून घेतला. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी १८९२ मध्ये नानांचे चरित्र लिहिले, आणि नानांकडे मराठी कागदांतून पाहण्याची वाट मोकळी झाली. तरी ‘भित्रे नाना’ हा शिक्का पुरता पुसला गेला नाही. साडेतीन शहाण्यांची गोष्ट तो प्रत्येक पिढीला नव्याने शिकवत राहिली.

नानांनी तलवार चालवली नाही, हे खरे. पण ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाल्यावर कोणाचे कुठे चुकले ते पाहू. खून करवणारा पक्ष गादीवर बसला होता. गारदी त्याचे होते. अशा वेळी एका गरोदर विधवेच्या पोटातल्या मुलासाठी कट करायचा, तिला पुरंदरावर नेऊन ठेवायचे, आणि मूल जन्मल्यावर चाळीस दिवसांच्या त्या मुलाच्या नावाने राज्य चालवायचे, हे बारभाईंनी केले आणि नाना त्यांच्या मध्यभागी होते. बारभाईंतले कितीतरी जण पुढे राघोबादादांकडे झुकले. खुद्द पूर्ण शहाणे सखारामबापूही झुकले. अर्धे शहाणे नाना झुकले नाहीत. धैर्य मोजायचे तर हेही मोजले पाहिजे.

आणि त्यांचा कारभार ज्या एका गोष्टीवर उभा होता, ती गोष्ट हळव्या माणसालाच सुचावी अशी आहे. ती म्हणजे चाहूल. दिल्लीला हिंगणे, हैदराबादला गोविंदराव काळे, आणि जिथे जिथे मराठ्यांचा वकील तिथून रोजची बातमी. कोण कोणाला भेटले, कोणाचा चेहरा कसा होता, कोणती भेटवस्तू परत गेली. ही पत्रे आज वाचताना जाणवते, की पलीकडे वाचणारा माणूस चेहऱ्याचा रंगसुद्धा विचारणारा आहे. १७७८ मध्ये मुंबईकर इंग्रज राघोबादादांना घेऊन घाटाकडे निघाले, तेव्हा पुण्याला त्याची आधीच खबर होती. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांना नामुष्कीचा करार करावा लागला. १७८० मध्ये हैदर, निजाम आणि नागपूरकर यांना एका बाजूला आणण्याचा डाव मांडला गेला. १७ मे १७८२च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनी राघोबादादांची बाजू सोडली. पानिपतच्या गवतात जी नजर आवाजाच्या दिशेला लागून राहिली होती, तीच नजर आता निम्म्या हिंदुस्थानावर पसरली होती, असे मला वाटते.

पण चाहूल घेणारे मन कायमचे जागे राहिले की त्याचा पहारा होतो. ज्याला एकदा सर्व काही क्षणात नाहीसे होताना दिसले आहे, त्याला पुढे काहीच नजरेआड होऊ देववत नाही. आणि पहारा शत्रूवर असतो तोवर त्याला मुत्सद्देगिरी म्हणतात. तो घरातल्या माणसावर आला की त्याचे नाव बदलते.

शिवनेरीची पत्रे

पुरंदरावर १८ एप्रिल १७७४ रोजी जन्मलेला तो मुलगा म्हणजे सवाई माधवराव. बाप जन्माआधी गेलेला. आई गंगाबाई तो तीन वर्षांचा असताना गेली. त्याला वाढवले ते नानांनी, शनिवारवाड्यात, डोळ्यांत तेल घालून. त्याच्या जिवाला धोका होता, हे खरेच होते. त्याच्या भोवती कोणी यावे, त्याने कोणाशी बोलावे, हे नाना ठरवत. मुलगा एकवीस वर्षांचा झाला तरी ते ठरवतच राहिले.

हा मुलगा कसा होता, याची एक खूण ग्रँट डफने नोंदवली आहे. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. मराठा सरदारांनी एकत्र येऊन मिळवलेला हा शेवटचा मोठा विजय. छावणीत आनंद होता. तरुण पेशवा मात्र खिन्न बसलेला. नानांनी कारण विचारले. त्याचे उत्तर साधारण असे, की शत्रूने इतक्या लाचारीने शरण यावे आणि आपल्या माणसांनी न लढता मिळालेल्या विजयाची एवढी फुशारकी मारावी, हे पाहून वाईट वाटते. एकवीस वर्षांच्या, जिंकलेल्या पेशव्याचे हे बोलणे आहे. पानिपतचे पान लिहिणाऱ्या नानांना ते आतून ओळखीचे वाटायला हवे होते.

याच सुमारास राघोबादादांचे मुलगे नानांच्या कैदेत होते. १७९४च्या सुमारास त्यांना नाशिकजवळच्या आनंदवल्लीहून आणून जुन्नरला शिवनेरीवर ठेवले. थोरला बाजीराव, म्हणजे पुढचा दुसरा बाजीराव, सवाई माधवरावांच्याच वयाचा. देखणा, गोड बोलणारा, विद्येत हुशार अशी त्याची ख्याती पुण्यात पोचत होती आणि सवाई माधवरावांना त्याच्याविषयी ओढ वाटू लागली होती. किल्ल्यावरचा अधिकारी बळवंतराव नागनाथ याच्यामार्फत दोघांत चोरून निरोप आणि चिठ्ठ्या सुरू झाल्या. बाजीरावाच्या एका पत्राचा आशय ग्रँट डफने दिला आहे: तुम्ही पुण्यात कैदेत, मी जुन्नरला कैदेत, पण आपली मने आणि माया तरी मोकळी असावीत.

त्या पत्रात राजकारण किती आणि माया किती, याविषयी इतिहासकारांनी बाजीरावाला झुकते माप दिलेले नाही, आणि त्याचा पुढचा इतिहास पाहता ते योग्यच आहे. पण पत्र ज्याला पोचले त्याच्या बाजूने पाहा. एकवीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याला सांगत होते, की तुझी अवस्था मला कळते. हळव्या माणसाला यापेक्षा मोठे आमिष नसते.

नानांना पत्ता लागला. लागणारच होता. बळवंतरावाला बेड्या घालून किल्ल्यावर टाकले, शिवनेरीचा पहारा कडक झाला, आणि सवाई माधवरावांना कडक शब्दांत समज मिळाली. त्यानंतर पेशवा आपल्या खोलीत राहू लागला. २२ ऑक्टोबर १७९५ला दसरा होता. तो फौजेसमोर आला, संध्याकाळी दरबारही झाला. २५ ऑक्टोबरला सकाळी तो शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली कारंज्यावर पडला. हातपाय मोडले. २७ ऑक्टोबरला गेला.

त्याने उडी टाकली, असे ग्रँट डफ म्हणतो. ज्वराच्या भ्रमात तोल गेला, असे त्या वेळच्या मराठी पत्रांवरून मांडले गेले आहे आणि पुष्कळ मराठी अभ्यासक ते मानतात. दोन्ही बाजूंना आपापले कागद आहेत, आणि या लेखासाठी त्यांच्यात निवाडा करण्याची गरज मला वाटत नाही. तापात पडला असे धरले, तरी शेवटचे दिवस तो कोणत्या मनःस्थितीत होता, याविषयी दोन्ही बाजूंत फारसा फरक नाही. आपल्यानंतर बाजीरावाने गादीवर यावे, असे त्याने मरताना सांगितले, हे ग्रँट डफच नोंदवतो. म्हणजे शेवटचा शब्दही शिवनेरीकडेच गेला.

हिशेबाची शिल्लक

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. बाजीराव गादीवर येऊ नये म्हणून नानांनी खटाटोप केला. शेवटी परशुरामभाऊ पटवर्धन शिवनेरीवर गेले. बाजीरावाने त्यांना गाईचे शेपूट धरून, गोदावरीची आण घालून शपथ घ्यायला लावली, मगच तो किल्ला उतरला. मग डाव उलटसुलट फिरले. नाना पुण्याहून निघाले ते साताऱ्याकडे, वाईला, तिथून कोकणात महाडला. तिथे बसून त्यांनी जे कारस्थान रचले, ते त्यांच्या बुद्धीचा कळस मानला जातो, आणि त्याचे फळ म्हणजे डिसेंबर १७९६ मध्ये बाजीरावच पेशवा झाला. ३१ डिसेंबर १७९७ला दौलतराव शिंद्यांनी नानांना पकडले. काही महिने ते अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. १३ मार्च १८००ला पुण्यात त्यांचा अंत झाला. पुण्यातला इंग्रज वकील पामर याने त्या वेळी लिहिले, की मराठ्यांच्या राज्यातले शहाणपण आणि संयम त्यांच्याबरोबर गेला. अठरा वर्षांनी राज्यही गेले.

नाटकातल्या नानांविषयी एक शब्द इथे लिहिला पाहिजे. तेंडुलकरांनी आपले नाटक ऐतिहासिक नाही, असे स्वतःच म्हटले होते. त्यांना सत्ता कशी माणसे वापरते ते दाखवायचे होते. त्यावर पुण्यात वादळ उठले ते नानांच्या चारित्र्यावरून. वाद करणाऱ्या दोन्ही बाजूंनी नानांचे स्वतःचे पान उघडले असते, तर त्यांना दिसले असते की आपल्या वासनेची साक्ष नानांनीच आधी देऊन ठेवली आहे, आणि ती साक्ष देताना मान खाली घातली आहे. लाज वाटणारा माणूस रंगमंचावर आणणे अवघड असते. इतिहासात आणणे तितके अवघड नाही.

माझ्या दृष्टीने नानांच्या आयुष्यातला खरा प्रश्न घाशीरामाचा नाही, पानिपतचाही नाही. ज्या माणसाने अठराव्या वर्षी गवतात पडून आपल्या मनाचा थरकाप पाहिला, पुढे तो लिहून ठेवला, त्याला एकविसाव्या वर्षीच्या सवाई माधवरावाचे मन का दिसले नाही? खर्ड्याच्या छावणीत त्यांनी ‘का खिन्न आहात’ असे विचारले, म्हणजे खिन्नता त्यांना दिसली होती. चाहूल लागली होती. उत्तर ऐकूनही त्या मुलाला थोडी मोकळीक द्यावी, हे मात्र झाले नाही.

मला याचे उत्तर असे दिसते. हळवेपणाने माणसाला दुसऱ्याचे दुःख कळतेच, असा आपला समज आहे. तो सर्वस्वी खरा नाही. स्वतःला फार दुखलेला माणूस दुसऱ्याला दुखू नये म्हणून भिंती बांधतो, आणि त्या भिंतीच दुसऱ्याला दुखतात, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. नानांनी त्या मुलाला मृत्यूपासून वाचवायचे ठरवले आणि वीस वर्षे वाचवले. ते काम त्यांनी इतके मन लावून केले, की त्याला जगूही द्यायला हवे, हे राहून गेले. आई आणि भाऊसाहेब एका दिवसात हरवलेल्या माणसाला कोणालाही नजरेआड सोडणे जमणार नव्हते. त्यांच्यावर ठपका ठेवावा की त्यांची कीव करावी, हे मी वाचकांवर सोडतो. ज्यांच्या घरात काळजी करणारे वडीलधारे आणि गप्प बसणारे मूल आहे, त्यांना दोन्ही बाजू समजतील.

साडेतीन शहाण्यांची मोजणी करणाऱ्यांनी नानांना अर्धे धरले ते तलवारीसाठी. राज्य चालवण्याला त्यांची तलवार कमी पडल्याचे कागदांत कुठे दिसत नाही. कमी पडले ते शनिवारवाड्यात, एका बंद दारापाशी, दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यांत. त्या दारावर पहारा होता. आत जाऊन बसणारे कोणी नव्हते.